पुठ्ठ्यावर कातरलेली खूण

सर्व संतांच्या सणाला सकाळी कबरीवर शेवंतीच्या कुंड्या ठेवून परत येताना सोलांजनं नणंदेला, जिनेतला, सरळच विचारलं, "मग आत्यांना सांगणार कोण?"

"रेमों सांगेल म्हणाली होतीस ना तू?"

"रेमों म्हणतो, बहिणीनं सांगावं. तिला वाढवलंय आत्यांनी."

"वाढवलंय तर त्यालाही."

"तेव्हा तो भाकरी खात होता. तू दुधावर होतीस."

जिनेतनं वर बघितलं. पुढे चढावर नोएमी आत्या एकटीच चालली होती. अंगात काळा कोट, हातात कबर घासायची बादली. सप्टेंबरात गोठ्यात पडल्यापासून एका पायावर जरा जास्त भार टाकायची, पण दोघींच्या पुढेच होती. वहिनीच्या कबरीचा दगड ती दर वर्षी स्वतः घासायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. मार्त वहिनी जिनेतच्या वेळच्या बाळंतपणात गेली, आणि त्याच महिन्यात नोएमीनं सुताराशी ठरलेलं लग्न मोडून भावाचा, ओगुस्तचा, संसार अंगावर घेतला. बापाकडून आलेला तिचा वाटाही तिनं घरातच राहू दिला. आमच्या डोंगरात याला त्याग म्हणत नाहीत, रीत म्हणतात. त्याग म्हटलं तर परतफेड करावी लागते.

सोलांजला मात्र त्या दगडाचं काही वाटत नव्हतं. तिच्या डोक्यात दावं होतं. सून होऊन आली त्या पहिल्याच आठवड्यात ती वासरांच्या खोलीत शिरली होती, आणि नोएमीनं तिच्या हातातून दावं काढून घेतलं होतं. "तुझ्या हाताला अजून या घराचा वास नाही," असं म्हणाली होती. त्याला एकोणीस वर्षं झाली. वास अजून आलेला नव्हता. सप्टेंबरात आत्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा महिनाभर तिनंच त्यांना आंघोळ घातली, आणि रोज पाणी कोमट का, साबण कुठला, टॉवेल खरखरीत का, हे ऐकून घेतलं. त्या महिन्याच्या शेवटी ती नवऱ्याला म्हणाली, "पुढच्या खेपेला या घरात एक तर त्या असतील, नाहीतर मी."

म्हणून खालच्या गावात, नन्स चालवतात त्या वृद्धाश्रमात एक खाट ठरवून ठेवली होती. दहा दिवसांनी सेंट मार्टिनची जत्रा झाली की आत्यांनी तिकडे जायचं. हे सगळ्यांना माहीत होतं. एका आत्यांना सोडून.

*

जेवताना सांगू, असं ठरलं. जेवताना कुणीच सांगितलं नाही.

म्हाताऱ्या ओगुस्तनं नेहमीसारखी संपत आलेल्या सुपात वाइन ओतली, बशी दोन्ही हातांनी उचलून ओठांना लावली आणि सावकाश संपवली. मग रक्ताचे सॉसेज आले, त्याबरोबर उकडलेले चेस्टनट. रेमों बोलत राहिला इटालियन लोकांबद्दल.

"त्यांना कोवळी पांढरी वासरं नकोत. गवतावर वाढलेली हवीत, काटक. ट्रकभर घेऊन जातात आणि तिकडे मका घालून फुगवतात. आपण काय करतो? वासरू अंधारात ठेवा, तोंडाला मुसकं बांधा, गवताची काडी पोटात जायला नको. दोन वेळा आईचं पाजा, मग वर दुसऱ्या गाईला लावा. का, तर मांस पांढरं राहावं म्हणून."

"मांस पांढरं राहतं म्हणूनच आपलं, बोर्दासांचं, वासरू म्हटलं की खाटीक पापणी उलटून बघत नाही," नोएमी म्हणाली. "विचार जाऊन. इतरांची बघतो. आत लाली दिसली की तोंड फिरवतो."

"आता सगळेच तोंड फिरवतायत, आत्या. पांढरं असलं तरी."

"तुझं बघून फिरवत असतील."

ओगुस्त हसला. जिनेतलाही हसू आलं, आणि लगेच तिला स्वतःची लाज वाटली. उन्हाळ्यात याच टेबलावर शेंगा सोलताना तिनं आत्याला म्हटलं होतं, "तू आता माझ्याकडे येऊन राहा. रॉबेर काही म्हणायचा नाही." जिनेतच्या नवऱ्याचं नाव ऐकताच आत्या मोठ्यानं हसली होती. "आणि वासरांना काय रॉबेर पाजणार?" नकार येणार हे पक्कं ठाऊक असलं की आमंत्रण द्यायला माणसाच्या बापाचं काय जातं. जिनेतला ते तेव्हाही ठाऊक होतं. आता आत्याला वासरं नसणार, आणि जिनेतच्या घरी तर खोलीच नव्हती. शिवणाचं मशीन होतं त्या खोलीत. मशीन हलवता आलं असतं, हेही तिला ठाऊक होतं, म्हणून ती मान खाली घालून चेस्टनट सोलत राहिली.

टेबलाखालून सोलांजनं तिला पाय लावला. जिनेतनं भावाकडे बघितलं. भावानं बापाकडे. बापानं चीज मागितलं.

चीज संपवून नोएमी उठली आणि दाराशी जाऊन लाकडी बूट चढवले. "चला," ती म्हणाली. "आत्या निवडायच्यात."

*

हे दर वर्षीचं. शरद ऋतूतली वासरं झाली की सर्व संतांच्या दुपारी बोर्दासांचं अख्खं घर गोठ्यात जायचं, आणि यंदा कुठल्या गाईंनी परक्या वासरांना पाजायचं ते नोएमी ठरवायची. अशा गाईला आमच्याकडे आत्याच म्हणतात. जी निवडली ती हिवाळाभर घरी राहते. जिचं दूध बेताचं, जी लाथाडी, ती जत्रेला जाते. रेमों लहानपणी या दिवशी खुशीत असायचा. आज मात्र तो हे टाळायला बघत होता.

"यंदा राहू दे ना, आत्या," तो तिच्या मागून चालत म्हणाला. "थंडी आहे. तुझा पाय..."

"पायानं निवडत नाही मी."

"मागच्या वर्षीच्याच तिघी ठेवू. निवडायचं काय त्यात?"

"मागच्या वर्षीची गाय यंदा तीच असते होय रे? लोक बदलतात, गाई बदलणार नाहीत?"

त्यानं सोलांजकडे बघितलं. तिनं खांदे उडवले. म्हातारा आलाच नव्हता, चुलीपाशी अक्रोड फोडत बसला होता. त्यावरूनच आत्याला शंका यायला हवी होती, असं रेमोंला नंतर वाटलं. पण आत्याला वाटलं, म्हाताऱ्याला थंडी वाजत असेल.

पहिली बिशेत. लाल, रुंद, तिचं वासरू आठवड्यापूर्वी जन्मतःच गेलं होतं. नोएमीनं खाली वाकून कास चाचपली, चारही सड एकेक करून पिळून बघितले. "चारी सारखे," ती म्हणाली, जणू जिनेतला, पण कुणाकडे न बघता. "एका बाजूची गाय असली की वासरू एकाच बाजूनं वाढतं." सोलांजनं डोळे फिरवले. मग नोएमीनं एक वासरू आणवलं, त्याचं मुसकं सोडलं, बिशेतच्याच दुधाचा हात त्याच्या शेपटीच्या बुडाशी फिरवला. गाय वास तिथलाच घेते. पाठीवर चिमूटभर मीठ चोळलं, म्हणजे चाटायची ओढ लागते. आणि वासरू कासेकडे ढकलताना स्वतःचा डावा तळवा तिनं गाईच्या पुठ्ठ्यावर ठेवला.

ही तिची पद्धत. लाथ पायातून निघते असं लोकांना वाटतं. ती पुठ्ठ्यातून निघते, आधी तिथलं कातडं थरथरतं, आणि तळवा तिथे असला तर वासराला वेळेत मागे खेचता येतं. नोएमीनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. रेमोंनं बघून बघून ओळखलं होतं, पण करून बघायची त्याला कधी मुभा मिळाली नाही.

आणि आता त्याला आठवलं की खूण पुठ्ठ्यावरच आहे.

गुरं घेणाऱ्या हेडीला, फोशेला, त्यानं सांगितलंही होतं, "जरा लहान काप." फोशे हसला होता. "लहान काय नि मोठी काय, कापली की विकली." कमरेची कात्री काढून त्यानं गाईच्या केसांत फुली मारली, एकीला, दुसरीला, तिसरीला. गोठा अंधारा, केस दाट, आणि आत्याची नजर आता अधू. कळायचं नाही, असं सगळ्यांनी धरलं होतं. हाताचा विचार कुणी केला नाही.

नोएमीचा तळवा थांबला. तिनं तो उचलला, पुन्हा ठेवला, बोटांनी फुलीची एक रेघ चाचपली, मग दुसरी. वासरू लुचायला लागलं होतं. बिशेत उभी होती, लाथ नाही काही नाही. नोएमी तिच्यापासून सरकून दुसऱ्या गाईकडे, मार्किझकडे गेली, मग टोकाच्या काळ्या-पांढऱ्या गाईकडे. कासेला तिनं हात लावला नाही. फक्त पुठ्ठ्याला लावला.

"फोशे येऊन गेला," ती म्हणाली.

"शनिवारी," रेमों म्हणाला. "तू चर्चमध्ये फुलं लावायला गेली होतीस तेव्हा."

"तिन्ही?"

"तिन्ही. जत्रेच्या दिवशी नेणार." आणि मग, एकदा सुरुवात झालीच आहे तर, त्यानं भराभर सांगून टाकलं. वासरं बाहेर सोडणार, आयांबरोबर गवतावर, मुसकी बंद, अंधारी खोली बंद. "दोन वेळा आत-बाहेर करायचं कामच उरणार नाही, आत्या."

ती आरडाओरडा करेल, गाईंची बाजू घेऊन भांडेल, याची त्यानं तयारी केली होती. उत्तरं पाठ होती. इटालियन, भाव, तिचा पाय.

तिनं वासराकडे बघितलं. दूध पिऊन त्याच्या तोंडाला फेस आला होता.

"आणि मी कुठे असणार आहे?" तिनं विचारलं.

रेमोंनं वासराकडे बघत नन्सच्या आश्रमातल्या खाटेचं सांगितलं.

*

ओगुस्तसमोर अक्रोडांच्या टरफलांचा ढीग झाला होता. बहीण आत आली, बूट न काढता. फरशीवर शेण उमटलं, आणि सोलांज एरवी बोलली असती, ती आज बाजूला झाली.

"दादा, फोशेच्या हातावर हात कुणी मारला?"

"मी," रेमों मागून म्हणाला.

"तुला विचारलं नाही. घरात म्हातारा जिवंत असताना मुलाच्या हातावर सौदा करणारा हेडी या डोंगरात अजून जन्मायचाय. दादा?"

ओगुस्तनं एक अक्रोड फोडला. आतला गर काळा निघाला. त्यानं तो चुलीत टाकला. गेले तीन दिवस तो मनातल्या मनात पुष्कळ काही जुळवत होता. वय झालं, पाय, नन्स चांगल्या असतात, गरम पाण्याची सोय आहे, हे सगळं. पण बहिणीकडे बघितल्यावर त्याला खोटं जमलं नाही. हे त्याला आयुष्यभर जमलं नव्हतं, आणि तेच दुखणं होतं.

"माझा हात," तो म्हणाला.

"का?"

"चाळीस वर्षं मी या टेबलाशी बसतो, आणि समोर तू बसतेस. घास उचलला की तुझं तोंड दिसतं. तू कधी बोलून दाखवलं नाहीस, एकदाही नाही. बोलली असतीस तर बरं झालं असतं. मी चार शिव्या दिल्या असत्या, फिटलं असतं." त्यानं टरफलं हातानं एका बाजूला सारली. "मरण्याआधी थोडे दिवस मला कुणाच्या उपकारात नसल्यासारखं जेवायचंय, नोएमी."

सोलांजला वाटलं होतं या दिवशी आपल्याला हलकं वाटेल. एकोणीस वर्षं तिनं या दिवसाची वाट बघितली होती. पण म्हाताऱ्याच्या तोंडून ते असं ऐकल्यावर तिला शिसारी आली, आणि ती म्हणून गेली, "बाबा, असं बोलू नये. काही झालं तरी असं नाही बोलू."

"तू कशाला मध्ये पडतेस?" नोएमी तिच्याकडे वळली. आवाज मात्र चढला नव्हता. "तू निदान तोंडावर राग केलास माझा. तुझं चुकलं नाही. मीही तुझा केला." मग ती जिनेतकडे वळली. "तुला ठाऊक होतं?"

"आत्या, माझ्याकडे जागेचा जरा..."

"जागेचं नाही विचारलं."

जिनेतनं होकाराची मान हलवली.

"बरं," नोएमी म्हणाली, आणि वर गेली.

*

तिच्या खोलीत बॅग भरायला वेळ लागला नाही. दोन स्वेटर, रात्रीचे कपडे, आईची जपमाळ. कपाट उघडं टाकून ती क्षणभर खाटेवर बसली आणि तिला स्वतःचाच राग आला, भावापेक्षाही जास्त.

कुणाला शिकवलं नाही. सोलांज शिकायला आली होती, तिला हाकललं. रेमों दारात उभा राहून बघायचा, तिनं पाठ फिरवून त्याच्या नजरेआड हात चालवला. जिनेत लहानपणी म्हणायची, मला दावं धरू दे ना. नाही दिलं. आपल्याला येतं ते दुसऱ्याला आलं की आपली गरज काय उरली, असं तिचं साधं गणित होतं. बिनलग्नाच्या बहिणीला घरात राहायचं तर तिच्यावाचून काहीतरी अडलं पाहिजे. तिच्यावाचून वासरं अडत होती. आणि अडलं तेव्हा या लोकांनी काय केलं, तर तिला ठेवली नाही, गाईच काढून टाकल्या. हा मार्ग तिला कधी सुचलाच नव्हता. गाई विकतील, असं तिच्या स्वप्नातही आलं नाही. बोर्दासांच्या गोठ्यात आत्या नाहीत हे तिला, बोर्दासांच्या घरात ती नाही यापेक्षाही, खोटं वाटत होतं.

खाली वासरांचं हंबरणं सुरू झालं. संध्याकाळच्या पाजण्याची वेळ झाली होती. तिचे गुडघे आपसूक उठायला निघाले. तिनं त्यांना थांबवलं, कोट घातला, बॅग घेतली आणि जिना उतरली.

"रेमों, गाडी काढ."

"आत्ता?" रेमों दचकला. "आत्या, जत्रेनंतरचं ठरलंय. आणि आज सणाचा दिवस, तिथे कोण..."

"नन्स असतात. त्यांना सण नसतात. काढ."

"पण वासरं..."

"म्हणून तर आत्ता."

रेमोंनं बापाकडे बघितलं. म्हातारा चुलीकडे तोंड करून बसला होता आणि त्यानं मान वळवली नाही. रेमों किल्ली घेऊन बाहेर पडला. सोलांज अंगणात गोठ्याच्या दाराशी उभी होती, हातात दावं, आणि दावं कुठल्या टोकाला धरायचं हेही तिला कळत नव्हतं. आत एक वासरू दाराला धडका देत होतं.

नोएमी उंबरा ओलांडत होती तेव्हा मागून जिनेतनं तिची बाही धरली.

"थांब ना, आत्या."

नोएमीनं बॅग खाली ठेवली.

ती का ठेवली हे तिला पुढे कितीतरी दिवस कळलं नाही. हा शब्द या घरात तिला कुणीच म्हणालं नव्हतं. सुतार परत गेला तेव्हा नाही, वाटा सोडला तेव्हा नाही, सप्टेंबरात पडली तेव्हाही नाही. ती थांबतेच, तिला काय सांगायचं, असंच सगळे धरून होते. तिचा हात कोटाच्या वरच्या बटणाकडे गेला. ती वळली. जिनेतचे डोळे भरले होते, चाळीस वर्षांची बाई, पण नाक लाल झालं की अजून पाळण्यातलीच दिसायची.

"निदान आजचं पाजून जा," जिनेत म्हणाली. "आमच्या हातून गाई उभ्या राहायच्या नाहीत."

नोएमीनं बटण लावून घेतलं.

"माझं पाजून झालं, पोरी," ती म्हणाली. तिनं बाही सोडवली, बॅग उचलली आणि गाडीत जाऊन बसली.

गोठ्यातून आता सगळीच वासरं एकदम ओरडत होती. सोलांज दावं घेऊन आत शिरली. आतून बादली लवंडल्याचा आवाज आला आणि सोलांजची किंकाळी, मग शिवी. जिनेत तिकडे धावली. रेमोंनं गाडी चालू केली आणि आत्याच्या बाजूची काच वर करायला वाकून हात पुढे केला.

"थंडी आहे," तो म्हणाला.

"राहू दे खाली."

त्यानं हात मागे घेतला. गाडी अंगणातून उताराला लागली. वासरांचे आवाज मागून येत होते. तिला त्यातलं एकेक ओळखू येत होतं, पण तिनं कुणाचं नाव घेतलं नाही. रेमोंला एकही ओळखू येत नव्हतं. चेस्टनटच्या रानाचं वळण गेलं की आवाज थांबेल, असं त्याला वाटलं होतं. वळण गेलं, आवाज थांबला नाही, आणि त्यानं वेग वाढवला.